रोवणीत कोरडे पाय

भंडाऱ्याला जाऊन आले म्हटलं की आमच्या चिपळूणकडची माणसं आधी विचारतात, "तिथे कुठला देव?" देवाला नव्हते हो गेले. मूल सांभाळायला गेले होते.

माझ्या बहिणीची मुलगी मंजिरी पुण्यात एका कंपनीत आहे. ती कंपनी नव्याने धंदा काढणाऱ्या पोरापोरींना भांडवल देते. कुणी नवं यंत्र बनवतं, कुणी मोबाइलचं ॲप काढतं, त्यांना स्टार्टअप म्हणायचं. मंजू गावोगाव जाऊन त्यांच्याशी बोलते आणि परत येऊन साहेबांना सांगते, यांना द्या, त्यांना नको. बोलून चालून नोकरीच, पण तिच्या एका शब्दावर कुणाकुणाचं घर उभं राहतं नाहीतर बसतं. यावेळी तिच्या वाट्याला भंडारा जिल्हा आला. पदरात वर्षाच्या आतली चिमी, नवरा परदेशी, सासूबाईंचा गुडघा धरलेला. मग राहिलं कोण? मावशी. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पुढचं जे काही आलं ते लोकांना विचारून विचारून. त्यामुळे चिमीला मांडीवर घेऊन मी सगळ्या बैठकांना बसले, कळलं ते ऐकलं, नाही कळलं ते विचारलं. कुणी मला गप्प बस म्हणालं नाही. इकडची माणसं म्हाताऱ्या माणसाला तसं म्हणत नाहीत.

तुमसर

पहिल्या दिवशी तुमसरला गेलो. श्रावणातलं आभाळ, खाली उतरलेलं, पण पडत नव्हतं. गाव तांदळाच्या गिरण्यांचं. रस्त्यावर, दुकानांच्या पाट्यांवर, चहाच्या टपरीच्या बाकावर सगळीकडे कोंड्याची पूड. बाकावरून बोट फिरवलं तर रेघ उठते. आमच्याकडे भाताचा वास येतो तो घराघरांतून, इथे तो अख्ख्या गावाला येतो.

नीलेश नावाचा तिशीतला मुलगा भेटायला आला तो मोटरसायकलला ॲल्युमिनियमची शिडी बांधून. मंजूच्या कागदावर त्याच्या नावापुढे संस्थापक असं लिहिलेलं. मी म्हटलं, "बाळा, शिडी कशाला रे?"

"आजी, मी सीईओ होतो," तो हसत म्हणाला, "आता कॅमेरे लावतो. दुकानायमंदी, गिरण्यायमंदी. तेव्हाबी वर चढाचं होतं, आताबी वरच चढतो. आता निदान शिडी खरी आहे."

त्याने ॲप काढलं होतं ते धानाच्या भावाचं. कोणती गिरणी आज कोणत्या भावाने धान घेते ते सगळ्यांना मोबाइलवर दिसावं, इतकी साधी गोष्ट. मला तर ऐकताच पटली. मंजूने विचारलं, मग अडलं कुठे?

"मॅडम, भाव सगळ्यायलेच पाह्यचा होता. आपला भाव दाखवाचा कोणालेच नव्हता." त्याने चहाचा ग्लास फिरवला. "गिरणीवाले म्हनत, नीलेशभाऊ, लई भारी काम केलं तुमी. आन् शेजारच्याचा भाव पाहून मोबाइल बंद करून टाकत. आपला टाकाचा म्हटलं की, उद्या टाकतो. सकाळी दलालाचा फोन येते, हालचाल विचारते, पोरीच्या लग्नाचं विचारते, मंग भाव सांगते. माह्या ॲपले पोरीच्या लग्नाचं विचारता येत नव्हतं."

आम्ही हसलो. तोही हसला.  त्याचा जोडीदार हैदराबादला नोकरीला गेला. दोघांनी मिळून रंगवलेली पाटी याच्या घरात पलंगाखाली आहे म्हणे. मंजूने विचारलं, पुन्हा करणार का? तो म्हणाला, "तुमी जेवून घ्या मॅडम, उशीर होऊन राहिला."

जेवायला वरणभात आणि तरोट्याची भाजी. पहिला घास घेतला आणि मला ओळख पटली. अहो, हा तर आमचा टाकळा! पावसाळ्यात आमच्या बांधाबांधावर उगवतो तोच. आम्ही त्यात ओलं खोबरं घालतो, इथे लसूण आणि लाल मिरची. इतक्या लांब येऊन आपल्याच बांधावरची भाजी भेटली म्हणून मला भरून आलं, आणि नीलेशला वाटलं मला तिखट लागलं. तो धावत जाऊन गुळाचा खडा घेऊन आला.

भंडारा

भंडारा शहर पितळेच्या भांड्यांचं. दुसऱ्या दिवशी आम्ही ज्या खोलीत गेलो ती अशाच एका भांड्यांच्या दुकानाच्या वर. खाली ठोकाठोकी चाललेली, वर ही कॉम्प्युटरवाली पोरं. दर रविवारी इथे जमायचं, ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला शिकवायचं, असा त्यांचा नेम. मला हे फार आवडलं. आमच्याकडे भजनी मंडळं अशीच चालतात, पेटीवाला नव्या पोराला शेजारी बसवतो.

पण मंडळ कुठलं आता? भिंतीला टेकवून ठेवलेल्या खुर्च्यांवर धूळ. पांढऱ्या फळ्यावर काहीबाही लिहिलेलं, ते इतकं जुनं की पुसायला गेलं तरी जात नव्हतं. त्या रविवारी आलेली तीन माणसं. एक नीलेश, तो आमच्यासाठी आलेला. एक कॉलेजातली मुलगी, ती शिकायला आलेली, तिला शिकवणारा पुण्याला गेलेला. आणि तिसरी प्रज्ञा, जिच्यासाठी मंजू मुळात इतक्या लांब आली होती.

प्रज्ञा सावळी, काटक, केस घट्ट बांधलेली. इंजिनियर झाली, पुण्यात नोकरी केली, सोडून परत आली. तिच्या ॲपचं नाव "हाक".

आता हे नीट सांगते, कारण पुढचं सगळं यावर आहे. आम्ही भातलावणी म्हणतो तिला इकडे रोवणी म्हणतात, आणि रोपांना पऱ्हे. रोवणीला बायका लागतात, पुढे कापणीलाही, आणि सगळ्या शेतकऱ्यांना एकाच वेळी लागतात. बायकांच्या टोळ्या असतात. पूर्वी शेतकरी संध्याकाळी टोळीच्या म्होरकीच्या दारात जायचा, चहा व्हायचा, घासाघीस व्हायची, सकाळी गाडी यायची. प्रज्ञाने ते मोबाइलवर आणलं. शेतकऱ्याने बटण दाबलं की बाईच्या फोनवर हाक जाते, साध्या फोनसारखीच वाजते, उचलून येते म्हणायचं. काम झालं की शेतकरी तिला तारे देतो, एक ते पाच. जास्त तारेवालीला जास्त हाका.

"आधी टोळीच बोलवाची सोय होती," प्रज्ञा म्हणाली. "मग शेतकरी म्हणाले, अख्खी टोळी नको, ज्या भराभर रोवतात तेवढ्याच पाहिजे. मी तारे टाकले. तेव्हापासून चाललं." शहराच्या माणसांशी ती शहरासारखं बोलायची, मधूनच घसरायची. "सगळ्यांचं बंद पडून राहिलं मॅडम, माझंच तेवढं सुरू आहे. नोकरीला दोन पोरी आहेत. हा हंगाम काढीन मी कसातरी. पुढचा नाही निघणार."

मंजूचे डोळे चमकले. "तारे हीच तुझी खरी वस्तू आहे प्रज्ञा. हेच विकलं जाईल."

प्रज्ञाने फळ्यावरचं ते जुनं अक्षर बोटाने घासलं. मग म्हणाली, "उद्या घरी या माझ्या. अड्याळच्या पुढे गाव आहे. बाया काम करताना पाहा, मग ठरवा."

खोलीतून निघताना मी खुर्च्या पुसल्या. सवय, दुसरं काय. नीलेश म्हणाला, "राहू द्या आजी, पुढच्या महिन्यात खोली सोडाचीच आहे."

अड्याळच्या पुढे

अड्याळ मोठं गाव, बाजाराचं. तिथून आत वळलं की दोन्हीकडे पाणीच पाणी, आणि पाण्यात हिरव्या ओळी. बांध घातलेल्या शेताला इकडे बांधी म्हणतात. मधून मधून तळी, त्यांच्या कडेला बगळे. आमच्या कोकणात शेत म्हणजे डोंगराला लावलेलं ठिगळ. इथे नजर जाईल तिथवर सपाट, आणि त्या एवढ्या पसाऱ्यात वाकलेल्या बायकांच्या रांगा मुंग्यांसारख्या. बघून जीव हरखायला हवा, पण आभाळ इतकं राखाडी होतं की मला उगाच कुणाची तरी आठवण काढावीशी वाटली.

प्रज्ञाच्या घरी ओसरीवर बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढे ताजी फुलं. तिची आई कौतिकाबाई दारातच उभी. "जयभीम बाई, या, या. लेकरू द्या इकडं." चिमी ही बया, कुणाकडे न जाणारी, तिच्याकडे गेली.

मंजू आणि प्रज्ञा शेतावर निघाल्या. मलाही राहवेना. किती वर्षं लावणी केलीय मी! चिमीला कौतिकाबाईंपाशी ठेवून मी मागोमाग निघाले, आणि बांधावरून दहा पावलं जाते न जाते तोच पाय घसरून मांडीपर्यंत चिखलात. चप्पल आत राहिली ती राहिलीच. प्रज्ञा काढायला वाकली तर मंजू हसून हसून बांधावर बसली. शेजारच्या बांधीतल्या बायका ओरडल्या, "आजी, रोवाले आल्या का उगवाले?" अनवाणी परत फिरले. म्हटलं, जा तुम्ही, मी आपली घरी बरी.

कौतिकाबाईंनी पायावर पाणी घातलं. त्या वाकल्या तेव्हा त्यांचे पाय मला दिसले, आणि मी चपापले. लावणीच्या दिवसांत बाईचे पाय कसे असतात ते मला कुणी सांगायला नको. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या फटक, चिखल्या झालेल्या, नखं काळी. या बाईचे पाय कोरडे, स्वच्छ, टाचांना तेल लावल्यासारखे. भर रोवणीत.

"बाई, तुम्ही रोवणीला जात नाही का?" मी विचारलं.

"जातो ना," त्या म्हणाल्या. इकडच्या बायका स्वतःबद्दल जातो, येतो असंच बोलतात. "पोर होतो तवापासून जातो."

"मग यंदा?"

त्यांनी पाण्याचा गडू बाजूला ठेवला. उत्तर द्यायच्या आधी आत जाऊन चिमीसाठी भात मऊ करून आणला. चिमीला भरवता भरवता, माझ्याकडे न बघता बोलल्या. "यंदा हाकच नाई आली."

ओसरीच्या खुंटीवर एक डबा बांधून लटकवलेला होता. फडक्याची गाठ अजून मारलेली. शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत मोबाइल. त्यांनी तो काढून मला दाखवला, जपून, ओला होईल म्हणून पदराने हात पुसून. "माह्या पोरीच्या मोबाइलमंदी पह्यलं नाव माहंच हाये. गावात कोनी नाव द्याले तयार नव्हतं. म्या म्हटलं, टाक माहं. माहं पाहून मंग बाकीच्या बायायनं टाकलं."

पडद्यावर त्यांचं नाव होतं, आणि नावापुढे दोन तारे.

मी म्हटलं, "हे कुणी दिले?"

"कास्तकारानं. गेल्या साली. त्याची काय चूक? मी मागं पडतो आता. आंदी मागं पडलं तं बाजूची माही पात धरे, मी तिची धरत होतो. रांग सारखी जाये, कोन मंद नं कोन तेज ते बांधावरून समजत नव्हतं. आता ज्याच्या त्याच्या पातीवर तारे हायेत. कोन कोनाची पात धरन?" मग घाईने म्हणाल्या, "पोरीचं खोटं नाई जी. तिच्या मोबाइलनं म्हटलं मी मंद हावो, तं खरंच असंन."

पात म्हणजे रोवताना जिच्या तिच्या वाट्याची ओळ. आमच्याकडे सावड असते. आज सगळ्या माझ्या शेतात, उद्या सगळ्या तुझ्या. माझी सासू अगदी वाकली तेव्हाही लावणीला यायची, बांधावर बसून रोपांच्या जुड्या सोडायची, आणि सगळ्यांच्या बरोबरीने जेवायची. तिला किती तारे मिळाले असते?  

"आणि हा डबा?" मी विचारलं.

"सकाळी बांधून ठेवतो. हाक आली तं धावत निघता येते. गाडी थांबत नाई ना." डबा खाली काढून त्यांनी गाठ सोडली. भात, वरण, मिरचीचा ठेचा. "मंग दुपारी इथंच खातो. पोरगी भंडाऱ्यात राह्यते, तिले वाटते माय कामावर हाये. तिले सांगू नका बाई. तिच्या जिवाले लागंन." नाही सांगणार, असं मी वचन दिलं. आणि मग, जे विचारायचं म्हणून सकाळपासून त्यांच्या ओठावर होतं ते त्यांनी विचारलंच. "तुमची भाची पैसे देईन ना व तिले? लई राबली हो पोरगी. येवढं बंद पडलं तं ते बी पुन्याले जाईन. मंग मी यकटी."

तो डबा आम्ही दोघींनी मिळून खाल्ला. भात गार झालेला. चव सांगण्यासारखी होती, पण सांगवत नाही.

परतीची वाट

दोघी शेतावरून आल्या त्या भिजून, पण मंजू खुशीत. ओसरीवर बसून तिने प्रज्ञाला समजावलं, टोळीची सोय काढून टाक, एकेक बाई वेगळी दिसू दे, वरच्या ताऱ्यांची आधी. मोबाइलवर बोट सरकवत ती यादीच्या तळाशी आली. "आणि हे दोन तारेवाले काढून टाक. यादी स्वच्छ दिसली पाहिजे."

कौतिकाबाई चहाचे कप घेऊन तिथेच उभ्या होत्या. "हो जी," त्या म्हणाल्या, "साफसफाई पायजेच," आणि कप ठेवून आत गेल्या.

 प्रज्ञाने खुंटीकडे बघितलं. तिथे आता डबा नव्हता, रिकामं फडकं होतं.

आम्ही निघालो तेव्हा ती मला गाडीपर्यंत सोडायला आली, हातात माझी धुतलेली चप्पल. बायकांनी चिखलातून काढून दिली होती. शहरी बोलणं तिने आता सोडूनच दिलं होतं. "मावशी, मायनं तुमाले सांगतलं ना?"

मी वचन दिलेलं. गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजेच सांगणं, ते काय तिला कळत नाही?

"मले माहीत आहे. कोणाले हाक गेली, कोणाले नाही, सगळं दिसते मले. रोज सकाळी आंदी तिचंच नाव पाह्यतो." तिचा आवाज अगदी सपाट होता. "दोनाचे पाच करणं माह्या एका बोटाचं काम आहे. पण तळाशी ती एकटी नाही मावशी. त्या बाकीच्या बाया लहानपणी मले मांडीवर घेऊन बसल्या आहेत. त्यायच्यासाठी कोणाचं बोट चालंन? आन् तारेच काढले, तं शेतकरी जाते, तुमच्या भाचीचे पैसे जाते, त्या दोन पोरी घरी जाते. मी कितीक फिरवून पाह्यलं, गणित जमत नाही."

"आईला सांग तरी की तुला ठाऊक आहे."

"कशी सांगू? मले माहीत नाही, याच्यावरच तं ती जगून राहिली."

गाडीत मी मंजूला सगळं सांगितलं. वचन मोडलं, मोडलं. तिने चिमीचं पांघरूण सारखं केलं. चिमी झोपली होती.

"मला काय माहीत गं मावशी," ती म्हणाली. "पण सांग, तारे नसतील तर आमचे साहेब पैसे देतील का? आणि नाही दिले तर नीलेशसारखं होईल. तुला तेच हवंय का? मी काय लिहू?"

 साठी उलटून गेली, इतक्यांना इतके सल्ले दिले, आणि ऐन वेळी तोंडाला कुलूप. एवढंच म्हटलं, "टोळीची सोय तरी काढायला लावू नको." तिने मान डोलावली.

घरी आल्यावर

पैसे मिळाले. मंजूने फोन करून सांगितलं. प्रज्ञाचं ऑफिस नागपूरला गेलं, दोन पोरींच्या सहा झाल्या, पेपरात तिचा फोटोही आला. भांड्यांच्या दुकानावरची खोली नीलेशने सोडली, किल्ली त्यानेच दिली. ती कॉलेजातली मुलगी आता कुणाकडे शिकते ते कुणाला ठाऊक नाही. टोळीची सोय ठेवलीय म्हणे ॲपमध्ये, पण तळाशी, शोधावी लागते.

प्रज्ञाने आईला नागपूरला चल म्हणून किती विनवलं. कौतिकाबाई गेल्या नाहीत. ऐन हंगामात गाव कसं सोडू, म्हणाल्या.

दिवाळीच्या आधी आमच्याकडे भातकापणी सुरू झाली. विळ्यांचा आवाज ऐकला आणि मला त्यांची आठवण आली. तिकडेही धान पिकलं असेल, टोळ्या निघाल्या असतील. निघताना मी त्यांचा नंबर घेतला होता, माझा द्यायचा राहून गेला होता. सकाळचा चहा झाला आणि लावला.

अर्धी रिंगही वाजली नाही तोच फोन उचलला गेला. कापडाची सळसळ, डब्याचं झाकण वाजल्यासारखं काहीतरी, आणि धावत आल्यासारखा दम लागलेला आवाज.

"हो जी, येतो जी! कोनाच्या बांधीत हाये? गाडी कुटं येते?"

 "कौतिकाबाई, मी हो. चिपळूणची. चिमीची आजी."

 तिकडे लांब कुठेतरी एक गाडी गेली, थांबली नाही.

"हो का," त्या म्हणाल्या. "बोला ना बाई. मले येळच हाये."